उंची हॉटेलांचं मागचं दार

(कष्टकरी स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय होता 'असंघटित क्षेत्रातील स्त्रिया'. तो एवढा मोठा आहे की त्यात सगळंच बसतं आणि धड काहीच बोलून होत नाही. म्हणून मी त्यातला एक कोपरा निवडलाय: मुंबईतली महागडी रेस्टॉरंटं. काहीजणी हसताहेत. आपल्यातलं कोण जातं तिथं? जातात, आपल्यातल्याच जातात. मागच्या दाराने.

गेल्या वर्षी आमच्या संस्थेच्या एका देणगीदारांनी आम्हा चौघींना लोअर परळला अशा एका ठिकाणी जेवायला नेलं. मंद दिवे, भल्यामोठ्या ताटलीत मधोमध दोन घास. बिल आमच्या बालवाडीताईच्या महिन्याच्या मानधनाहून जास्त. जेवण चवदार होतं, खोटं कशाला सांगू. हात धुवायला गेले, तर फरशी पुसत होती आमच्या गोवंडीच्या बचत गटातली एक बाई. गटात तिने 'हॉटेलात कामाला जाते' एवढंच सांगितलं होतं. मला बघून म्हणाली, "अगंबाई, ताई, तुम्ही इथं?" आणि लगेच दाराकडे बघत, हळूच, "ओळख दाखवू नका हां."

तिचं खरं काम भटारखान्यातल्या भांड्यांचं. माणूस कमी पडलं की फरशी आणि संडासही तिच्याकडेच. दुपारी चारला सुरू, रात्री एकला सुटका. उकळत्या पाण्याने आणि साबणाने हातांच्या भेगा भरतच नाहीत. पगार ठेकेदार देतो, नेमणुकीचं पत्र नाही. शेवटची लोकल तर चुकतेच. मग चौघी मिळून टॅक्सी करतात. पैसे नसले तर स्टेशनाबाहेर पहाटेच्या गाडीची वाट. वस्तीत शिरताना मात्र "आली बघा रात्रीची राणी" हे ऐकायचं.

आता ही जागा कोणती, ते बघा. हे गिरणगाव. कोकणातून, घाटावरून बायकापोरं गावी ठेवून आलेले कामगार इथे जेवायचे ते बायकांच्या खानावळींत. चाळीतल्या एका खोलीत ती बाई दोन्ही वेळचं रांधायची, पैसे मिळायचे पगार झाल्यावर, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. गिरण्या बंद पडल्या आणि खानावळवाल्यांचे जेवणारेच गेले. पुढे 1991 आणि 2001 च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर, मॉल आणि ही रेस्टॉरंटं उभी राहिली. खानावळवाल्यांना आपण कधी कामगार म्हटलं नाही; बाईचं रांधणं म्हणजे तिचा धर्मच! तेच काम पांढरा उंच टोप घालून केलं की त्याची कला होते, आणि टोपाखाली बहुतेक पुरुषच असतो. अपवाद आहेत. मिशेलिन तारा मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, गरिमा अरोरा, मुंबईतच वाढलेली. पण 2018 साली तिला तो मान मिळाला तिच्या बँकॉकच्या रेस्टॉरंटसाठी.

समोरच्या दाराशी मात्र मुलगी हवी. तरुण, उंच, हसतमुख. तिला बसायची परवानगी नाही. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका बसायच्या हक्कासाठी लढल्या, तेव्हा 2018 मध्ये तिथला कायदा बदलला. आणि दारू प्यायलेल्या गिऱ्हाईकाने हात धरला तर? मॅनेजर म्हणतो, "गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे." लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं कलम 19 पाठच करा: कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणं मालकाचं कर्तव्य आहे. ठेकेदारामार्फत लागलेली बाईसुद्धा या कायद्यात येते.

रात्रीच्या कामाचं काय? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि सुरक्षितता, छळापासून संरक्षण, घरच्या दारापर्यंत वाहन हेही हवं. आमच्या बाईकडून ठेकेदाराने एका इंग्रजी कागदावर सही घेतली होती. मी तो वाचला. ती संमती होती. कायद्याचं अर्धं पान त्यांनी अगदी काटेकोर पाळलं होतं! उरलेल्या अर्ध्याबद्दल चौघींपैकी एकीने विचारलं, तर उत्तर आलं, "गाडीबिडी परवडत नाही. जास्त बोललात तर बायका काढून पोरं ठेवतो."

इथे माझी एमएसडब्ल्यूची पुस्तकं संपतात. कारण ही धमकी पोकळ नाही. मुंबईच्या गिरण्यांतही रात्रपाळीची बंदी आणि बाळंतपणाचे हक्क ही सबब पुढे करून बायका कमी केल्या गेल्या, आणि तेव्हाच्या युनियननी फारशी खळखळ केली नाही. आज अर्ज केला आणि चौघींची नोकरी गेली, तर त्यांच्या घरचं भाडं मी भरणार आहे का? दुसरीकडे, गप्प राहायचं म्हटलं तर डिसेंबर 2017 आठवतं. कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या आगीत 14 माणसं मेली, त्यांत 11 स्त्रिया. त्या गिऱ्हाईक होत्या, पैसे मोजून आलेल्या. त्यांच्यासाठी नियम पाळले गेले नाहीत, तिथे भांडीवालीसाठी आपणहून कोण पाळणार?

म्हणून एका हॉटेलाचं नाव घेऊन चार बायकांना पुढे करायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. त्या भागातल्या जमतील तेवढ्या हॉटेलांतल्या बायकांचा एकच अर्ज, महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे, आणि मागणी फक्त गाडीची. काहीजणींना हे फार थोडं वाटेल. मलाही वाटतं. पण ही मागणी त्या बायकांनीच निवडली, मी पगारापासून सुरू करा म्हणत होते.

बुधवारी दुपारी एक वाजता, त्यांच्या ड्युटीच्या आधी, आमच्या कार्यालयात बैठक आहे. तुमच्या वस्तीतून कुणी हॉटेलात जात असेल तर तिला घेऊन या. मुलं असली तर मुलांनाही आणा, खिचडी केलेली असेल. अर्ज मराठीत आहे, वाचून दाखवू. आमची ती बाई येणार की नाही, हे तिने अजून सांगितलेलं नाही.