मोबाइलचं बिल आणि प्राप्तिकर
शिकवणी घेणारे, दुरुस्तीची कामं करणारे अशा अनेकांचा धंदा आज फोनवरच चालतो. तरी विवरणपत्र भरताना फोनचं बिल घरखर्चात जातं. हे नुकसान सोसायचं कारण नाही. प्राप्तिकर कायदा व्यवसायासाठीच केलेला खर्च उत्पन्नातून वजा करू देतो. त्याच फोनवरून घरच्यांशीही बोलणं होतं, मग काय, असं कुणी विचारेल. तर धंद्यापुरता वाटा मांडायचा. महिन्याचं बिल 500 रुपये आणि 60 टक्के वापर कामाचा, तर वर्षाचे 3,600 रुपये. हा आकडा मनाने ठोकू नका. एखाद्या महिन्याचे कॉल काढून गिऱ्हाइकांच्या नंबरांवर खूण करा, बिलं जपून ठेवा. उद्या अधिकाऱ्याने विचारलं, तर दाखवायला कागद हवा.

पगारदारांना ही वजावट वेगळी मिळत नाही, त्यांच्यासाठी प्रमाणित वजावट आहे. मात्र फोनचं बिल मालकानेच भरलं, तर त्या रकमेवर कर लागत नाही. म्हणून पगार ठरतानाच ते बोलून घ्यावं. आणि अंदाजित नफ्याच्या योजनेखाली ठरावीक टक्क्याने नफा दाखवणाऱ्या धंदेवाल्यांचा फोनखर्च त्या हिशेबातच धरलेला असतो, तो पुन्हा वजा होत नाही.