नाताळचा दुसरा दिवस
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें 'पूर्वीचा नाताळ' या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली आहे. ती मानून आम्ही येथें उभे आहों; परंतु प्रारंभींच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नाताळच्या रात्रीविषयीं सांगण्यासारखें जें आहे, तें पुढच्या रांगेंत लाल लुगडीं नेसून बसलेल्या आजीबाईंस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. तेव्हां ती रात्र थोडक्यांत आटोपून आम्ही दुसऱ्या दिवसाकडे, म्हणजे २६ डिसेंबरकडे वळणार आहों. तो दिवस पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन याच्या सणाचा. आमच्या घरीं मात्र त्यास 'आत्याचा दिवस' म्हणत.

आमचें घर पापडीच्या अलीकडे, पानमळे व केळीच्या बागा यांच्या मधोमध. डिसेंबर लागला कीं आम्हां मुलांचें पहिलें काम म्हणजे परळांत माती घालून नाचणी पेरणें. रोज पाणी शिंपडलें म्हणजे नाताळपर्यंत गोठ्यासाठीं हिरवेंगार शेत तयार होई. बांबूच्या कामट्या व पतंगाचा कागद यांचा तारा थोरले काका करीत; तो दरवर्षीं एका बाजूस थोडा कलता होई, आणि तो तसाच असतो अशी आमची समजूत होती. घरांतील बायका तांदूळ दळीत, त्या जात्याची घरघर आमच्या झोपेंत मिसळे. २४ तारखेस आमच्या घरीं वडील माणसें उपवास करीत व मांसास कोणी शिवत नसे. आणि नेमकें त्याच दिवशीं इंद्यालाचें भांडें चुलीवर चढे! केवळ वासावर समाधान मानण्याचा असा दुसरा दिवस वर्षांत नव्हता. रात्रीं कंदील घेऊन सर्व मंडळी देवळाकडे निघत. मिस्सा तेव्हां लॅटिन भाषेंत होत असे. मराठी मिस्सा आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५). त्या लॅटिनचा अर्थ आम्हांस कळत नसे. परंतु घंटा वाजली कीं गुडघे आपोआप टेकले जात.

गोठ्याविषयीं मात्र एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. असिसीकर संत फ्रान्सिस यानें १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं गोठा मांडला, तेव्हां त्यांत जिवंत बैल व जिवंत गाढव आणून उभें केलें होतें. शुभवर्तमानांत बैलाचा उल्लेख नाहीं. तो आला यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायांतून, जेथें बैल आपल्या धन्यास ओळखतो असें म्हटलें आहे. लहानपणीं आम्हांस हें कांहीं ठाऊक नव्हतें. आमच्या समजुतीप्रमाणें बाळ येशूच्या गोठ्यांतील बैल हा आमचा पवळ्याच होता. आणि पुढें जें सांगावयाचें आहे, त्यांत त्या पवळ्याचा वाटा मोठा आहे.

आमच्या आत्या निर्मळास दिलेल्या होत्या. अंतर सुमारें अडीच कोसांचें. २६ तारखेस सकाळीं थोरले काका गाडीस पवळ्या व मोरा हे दोन बैल जुंपीत. गाडींत पेंढा पसरून वर गोधडी टाकीत. आजी पुढें, मग आमची आई व काकी, मागें आम्ही सात मुलें, आणि मधोमध नेवऱ्यांचा डबा. आत्या त्या दिवशीं तीस माणसांचीं सांदणें उकडून ठेवीत. जेवणें झालीं म्हणजे माणसें ओट्यावर बसून सबंध वर्षाचीं गाऱ्हाणीं सांगत. कोणाचें लग्न जमलें, कोणाची विहीर आटली, कोणाचा मुलगा मुंबईस कामास लागला. मुलांचा कार्यक्रम तळ्याच्या काठीं. सायंकाळीं परततांना आत्याचीं मुलें आमच्याच गाडींतून येत, आणि पुढील दोन दिवसांत सर्वांची वसईच्या किल्ल्यांत फेरी होई.

किल्ला हा आमचा खरा सुट्टीचा प्रदेश. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या सैन्यानें तो पोर्तुगिजांपासून घेतला, हें शाळेंत शिकविलें जाई. त्या पडक्या भिंतींपैकीं देऊळ कोणतें, मठ कोणता, हें आजी सांगे. फ्रान्सिस्कन मठाच्या देवळांत जमिनींत थडग्यांचे दगड बसविलेले आहेत व त्यांवर पोर्तुगीज अक्षरें कोरलेलीं आहेत. आम्ही बोटांनीं माती पुसून सालें वाचीत असूं. जो सर्वांत जुनें साल शोधील, त्यास आत्याचा थोरला मुलगा एक नेवरी बक्षीस देई. (ती नेवरी आमच्याच डब्यांतील असे, हें आम्हांस फार उशिरां समजलें.) मग वडाच्या सावलींत शिदोरी सुटे, आणि आजी संत गोन्सालो गार्सिया याची कथा सांगे. हा संत याच वसईंत जन्मला. पुढें जपानांत गेला. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यानें क्रुसावर प्राण दिला. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यास संतपद दिलें. आजीस ही सालें येत नव्हतीं. ती म्हणे, "आपल्या वसईचा मुलगा, घरापासून इतका लांब, आणि शेवटच्या वेळीं जवळ नात्याचें कोणी नाहीं." तिला त्या कथेंत तेवढेंच सलत असे.

आतां १९५७ सालाकडे येऊं. आमचें वय तेव्हां नऊ वर्षांचें. त्या वर्षीं पावसाळ्यानंतर आमच्या वडिलांच्या व थोरल्या काकांच्या वाटण्या झाल्या. पानमळा आमच्या वडिलांकडे, केळीची बाग काकांकडे. घराच्या मधोमध कूड उभा राहिला व एका दाराचीं दोन दारें झालीं. आजीचीहि वाटणी झाली. एक महिना इकडे, एक महिना तिकडे. गाडी काकांच्या वाट्यास गेली. बैल दोन, म्हणून एकेकास एक. मोरा त्यांचा, पवळ्या आमचा. विहीर मात्र सामाईक राहिली, आणि तेथेंच घोडें अडलें. रहाटाची पाळी कोणाची कधीं, यावरून आधीं कुरबूर, मग भांडण, आणि मग अबोला. पानवेल पाण्यावांचून एक दिवस तग धरीत नाहीं, असें आमचे वडील म्हणत. केळ तरी कोठें तग धरते, असें काकांचें उत्तर. तें कुडापलीकडून, आमच्याकडे न पाहतां, भिंतीस ऐकवावें तसें. दोघांचेंहि म्हणणें खरें होतें. म्हणूनच तें भांडण मिटेना.

नाताळ आला. दोन तारे लागले. काकांचा नेहमींप्रमाणें कलता, आमचा पापडीच्या बाजारांतून विकत आणलेला. दोन गोठे मांडले गेले. दोघे भाऊ एकाच मिस्सेस गेले व देवळाच्या दोन बाजूंस बसले. २५ तारखेस सायंकाळीं आईनें ताटें भरलीं. दिवाळीस ज्या हिंदु शेजाऱ्यांकडून आमच्याकडे फराळ येई, त्यांच्याकडे आम्ही ताट घेऊन गेलों. आणखी दोन घरीं गेलों. कुडापलीकडे मात्र ताट गेलें नाहीं, आणि तिकडून आलें नाहीं. आजी त्या महिन्यांत काकांकडे होती. ती मधल्या खांबाशीं बसून आमच्याकडे पाहत होती, तें आमच्या डोळ्यांपुढून अद्यापि जात नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही नवे कपडे घालून खळ्यांत उभे राहिलों. गाडी काकांच्या पडवींत उभी होती. जूं तिच्यावर आडवें पडलेलें. एक बैल या गोठ्यांत, एक बैल त्या गोठ्यांत. रहाटास एक बैल पुरतो. गाडीस दोन लागतात. ही गोष्ट दोघांसहि ठाऊक होती, आणि दुसऱ्यानें येऊन बैल मागावा म्हणून दोघेहि घरांत बसून होते. दहा वाजले. बारा वाजले. आईनें आमचे कपडे उतरवून घडी करून ठेवले.

येथें जरा थांबून एक सांगतों. नाताळची पहिली यात्रा म्हणजे काय? योसेफ व मरिया आपल्या वाडवडिलांच्या गांवीं निघाले, तीच. लूकच्या शुभवर्तमानांत त्यांस उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, एवढें लिहिलें आहे. लहानपणीं आम्हांस प्रश्न पडे कीं, योसेफाच्या घराण्याचेंच तें गांव, मग तेथें त्याचे चुलते, मामे कोणी नव्हते काय? त्या दिवशीं दुपारीं मात्र आम्हांस तो प्रश्न पडला नाहीं. एका अंगणांत दोन दारें असलीं म्हणजे काय होतें, तें आम्ही पाहत होतों.

दिवेलागणीच्या सुमारास वेशीकडून कोणी येतांना दिसलें. आत्या होत्या. डोक्यावर मोठी पाटी, मागें थोरला मुलगा हातांत कंदील घेऊन. दुपारपर्यंत वाट पाहून त्या पायीं निघाल्या होत्या. खळ्याच्या मधोमध त्यांनीं पाटी उतरली व तेथेंच मातींत बसल्या. आमचे वडील धांवत बाहेर आले. "बाय, आंत ये." काकाहि त्यांच्या दारांत आले. "बाय, आंत ये."

आत्या दोघांहूनहि वडील. त्या म्हणाल्या, "कोणत्या दारानें येऊं रे? मी या घरांतून गेलें तेव्हां एकच दार होतें. मी आपली येथेंच बरी."

मग त्यांनीं आजीस हांक मारली, केळीचीं पानें मागविलीं, आणि खळ्यांतच सांदणें वाढावयास आरंभ केला. सांदणें थंड होऊन कडेस कडक झालीं होतीं. आम्ही सात मुलें बसलों. आई बसली, काकी बसल्या. एकटे बाहेर राहणें दोन्ही भावांस कठीण झालें. तेहि बसले, परंतु आत्यास मध्यें ठेवून. कोणी बोलेना. जेवणें झाल्यावर आत्यांनीं पदरास हात पुसले व म्हणाल्या, "न्यायला कोणी आलें नाहीं, म्हणून मीच आलें. आतां मला पोंचवायला कोण येतो, तेवढें सांगा."

यावर कोणीहि उत्तर दिलें नाहीं. आमचे वडील उठून आपल्या गोठ्यांत गेले व पवळ्यास सोडून आणलें. तोंवर काकांनीं गाडी ओढून खळ्यांत आणली होती. मोरा आला. जूं ठेवलें गेलें. आम्ही मुलें न सांगतांच गाडींत चढलों. रात्रीच्या वेळीं मुलांचें काय काम, हें विचारण्याचें भान त्या दिवशीं कोणास राहिलें नाहीं.

चंद्रकोर मावळावयास आली होती. दोघे भाऊ पुढें शेजारी बसले होते. बैलांचीं पावलें मात्र जुळेनात. एकट्यानें रहाटाभोंवतीं फिरण्याची संवय लागलेला पवळ्या सारखा डावीकडे ओढी. निम्मी वाट अशी गेली. मग काका म्हणाले, "तुझा बैल डावीकडे ओढतो." वडील म्हणाले, "एकटाच फिरतो तो, ओढणारच." कांहीं वेळानें काका म्हणाले, "माझाहि ओढतो." अबोला धरल्यापासून त्यांचें एकमेकांशीं झालेलें हें पहिलें बोलणें. पुढें निर्मळापर्यंत दोघेहि बैलांविषयींच बोलत होते. आम्हांस झोप लागली.

यानंतर सर्व सुरळीत झालें असें आम्ही सांगितलें, तर तें खोटें होईल. पाण्याचा तंटा आणखी दोन वर्षें चालला. अखेर गांवांतील चार वडीलधाऱ्या माणसांनीं विहिरीवर उभें राहून पाळ्या ठरवून दिल्या, आणि त्या दोघांसहि थोड्या थोड्या नापसंत होत्या. कूड आमच्या वडिलांच्या हयातींत पडला नाहीं. परंतु २६ डिसेंबरला गाडी न जुंपल्याचें त्यानंतर एकहि वर्ष गेलें नाहीं. पुढें पुढें तर आदल्या रात्रीं काका आपण होऊन मोऱ्यास आमच्या गोठ्यांत आणून बांधीत, म्हणत, "सकाळीं घाई नको."

मग विजेचे पंप आले, रहाट थांबले, बैल गेले. एस्. टी. मोटारीनें निर्मळ अर्ध्या तासावर आलें. आतां वसईंतील बागांच्या जागीं इमारती उभ्या आहेत, आणि आमच्या भाच्यांपैकीं निम्मे परदेशांत. नाताळच्या रात्रीं फोनच्या पडद्यावर त्यांचीं मुलें आम्हांस तेथील बर्फ दाखवितात. आम्ही त्यास नांवें ठेवीत नाहीं. आजच्या सुनांस रात्रीं दोन वाजेपर्यंत जातें ओढावें लागत नाहीं, यांतहि कांहीं वाईट झालें असें आम्हांस वाटत नाहीं. पूर्वीच्या नाताळचें गुणगान करणाऱ्या पुरुषांनीं तें जातें एकदां ओढून पाहावें. एवढेंच मात्र खरें कीं, फोनच्या पडद्यावरून आत्या आल्या असत्या, तर त्यांस खळ्यांत बसतां आलें नसतें.

त्या गाडीचें आतां कांहींहि शिल्लक नाहीं. फक्त तें जूं आमच्या माळ्यावर आहे. यंदा देवळांतील गोठ्याच्या छपरास आडवा वासा हवा म्हणून युवक मंडळाचीं मुलें तें मागावयास आलीं, आणि आम्हीं दिलें. आपण बाहेर पडतांना तें डाव्या बाजूस दिसेल. मुलांस येथें सर्वांसमक्ष एक विनंति आहे. तीन राजांच्या सणानंतर तें आठवणीनें परत आणून द्यावें; कारण त्यांत काकांच्या घरचा अर्धा वाटा आहे, आणि आम्हीं देतांना त्यांस विचारलेलें नाहीं.