तिरुवैयारु : कंपनीचा अंमल आणि नागरत्नम्मांचा लढा

तंजावरपासून सुमारे 13 किलोमीटरवर, कावेरीकाठी तिरुवैयारु आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य स्थापन केलं, त्याच राज्यातलं हे गाव.

1799 च्या तहानं ईस्ट इंडिया कंपनीनं कारभार ताब्यात घेतला. तंजावरच्या गादीवरच्या सरफोजीराजांकडे उरला फक्त तंजावरचा किल्ला आणि तनखा. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले, आणि कंपनीनं गादीच खालसा केली. दरबारच्या आश्रयावर जगणारे अनेक गायक, वादक, नर्तकी मद्रासकडे वळले. इंग्रजी अमलात कावेरीच्या खोऱ्यातले भूमिहीन मजूर पोटासाठी सिलोन आणि मलायातल्या मळ्यांवर गेले.

गादी खालसा होण्याआधीच, 1847 मध्ये, तिरुवैयारुला संत-संगीतकार त्यागराजांनी देह ठेवला. पुढे त्यांच्या आराधनेत, म्हणजे पुण्यतिथीच्या संगीतोत्सवात, स्त्रियांना गायला मनाई होती. देवदासी कुळात जन्मलेल्या बंगळूर नागरत्नम्मांनी 1920 च्या दशकात स्वतःच्या मिळकतीतून समाधीवर मंदिर बांधलं. त्यांनाच तिथे गाण्याचा हक्क नाकारला गेला, तेव्हा त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. 1940 च्या सुमारास वेगवेगळी आराधना करणारे सगळे गट एकत्र आले. 1952 मध्ये नागरत्नम्मा वारल्या. त्यांची समाधीही तिथेच, त्यागराजांच्या समाधीसमोर आहे.

आता दरवर्षी पौष वद्य पंचमीला स्त्रिया आणि पुरुष एकत्र बसून त्यागराजांची पंचरत्न कीर्तनं गातात. श्रोतेहो, तंजावरचा इतिहास सांगताना राजांबरोबर नागरत्नम्मांचंही नाव आपण घ्यायलाच हवं.