गाडी डुलते तेव्हा

मोटारसायकलच्या तोलावर बोलायला कवीला कशाला बोलावलं, असं तुम्हाला वाटलं असेल. मी साधा बी.ए., यंत्राचं शिक्षण काही नाही. पण माझे अब्बा सातारा डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते, आणि दोन वर्षांपूर्वी माझ्याच कवितासंग्रहाच्या शंभर प्रतींनी माझा आणि माझ्या भाच्याचा जीव घेतला असता. एवढ्या दोन आधारांवर बोलतो.

सातारा हा फौजींचा जिल्हा. आमच्या लहानपणी मोठी गाडी म्हणजे बुलेट. १९५५ पासून मद्रासला तयार होणारी ही गाडी आधी लष्करात धावली, मग फौजदार आणि ऊसवाले बागायतदार तिच्यावर दिसू लागले. ‘क्रूझर’ हा शब्द आमच्याकडे रुळला तो बराच नंतर, २००५ साली बजाजने अ‍ॅव्हेंजर आणली त्या सुमारास. सीट खाली, हँडल उंच आणि मागे ओढलेलं, पाय पुढे पसरलेले, पुढचा फोर्क आरामखुर्चीसारखा कललेला. या गाडीवर बसलं की देव झाल्यासारखं वाटतं, अशी तिची जाहिरात असायची. आमच्या धर्मात तशी सोय नसल्याने मी मागच्या सीटवर बसतो.

भाच्याची गाडी याच जातीची. कंपनीचं नाव सांगत नाही, दोष तिचा नव्हता. सांगलीला कविसंमेलन होतं. “मामू, एसटीने कशाला जाता? मी सोडतो,” तो म्हणाला. मागच्या कॅरिअरवर आम्ही पुस्तकांचे दोन खोके एकावर एक बांधले. वजन वीसेक किलो. दोरी मी स्वतः आवळली आणि त्याचा मला अभिमानही वाटला.

पोवई नाक्यावरून निघून महामार्गाला लागलो. पूर्वी हा चार नंबरचा हायवे होता, आता अठ्ठेचाळीस. रस्ता रुंद, गाडी शांत. काटा शंभरावर आहे हे मी भाच्याच्या खांद्यावरून डोकावलो तेव्हाच कळलं. क्रूझरची ही खोड लक्षात ठेवा. ती वेग जाणवू देत नाही. काशीळ सोडल्यावर एका ट्रकला मागे टाकलं. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताच वाऱ्याचा धक्का बसला आणि आमची मागची बाजू डुलायला लागली. आधी हलकेच, मग पाळण्यासारखी, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. “मामू, हलू नका!” भाचा ओरडला. मी कुठला हलतोय! त्याने हँडल करकचून धरलं, तसं डुलणं वाढलं. मग भीतीने त्याच्या हातातून रेस सुटली. ब्रेक मारायचं भानच राहिलं नाही. वेग उतरत गेला, सत्तरच्या आसपास गाडी आपोआप सरळ झाली. कड्याला उभे राहिलो तेव्हा दोघांच्याही पायांत बळ नव्हतं.

पन्नासच्या वेगाने कराड गाठलं. तिथल्या मेस्त्रींनी इंजिनखाली ठोकळा घालून पुढचं चाक अधांतरी केलं, फोर्कची खालची टोकं धरून मागेपुढे ओढली. खट्, खट् आवाज आला. “कोनसेट ढिला आहे. मागच्या टायरमध्ये हवाही कमी. आणि हे खोक्यात काय?”

“पुस्तकं.”

“कसली?”

“कवितांची.”

“मग एवढी जड कशी?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घरी आल्यावर मी या विषयाचा पिच्छाच पुरवला. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं चाक पाहा. ते आपल्या खिळ्याच्या मागे फरपटत येतं, म्हणून आपोआप सरळ होतं. मोटारसायकलचं पुढचं चाकही त्याच तत्त्वावर चालतं. ज्या दांड्यावर हँडल फिरतं त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर चाक त्या रेषेच्या मागे टेकलेलं असतं. क्रूझरचा फोर्क जास्त कललेला, त्यामुळे हे अंतर बहुधा जास्त. दोन चाकांमधलं अंतरही लांब. जुन्या बुलेटमध्ये ते सुमारे १३७ सेंटिमीटर, अ‍ॅव्हेंजरमध्ये जवळजवळ दीड मीटर. म्हणून ती सरळ रस्त्यावर मार्गी चालते. हीच गाडी खंबाटकीच्या वळणात फार वाकवली की फूटरेस्ट रस्त्याला घासतो, आणि त्यावर आणखी जोर पडला तर चाकच उचललं जातं.

रॉबिन शार्प या अभियंत्याने १९७१ साली गणित मांडून दुचाकीच्या बिघडण्याच्या तीन तऱ्हा दाखवल्या. एक कलंडणं. ते सावकाश होतं, चालवणारा नकळत सावरतो. दुसरी हँडलची थरथर, सेकंदाला सात-आठ वेळा. ती बऱ्याचदा मधल्या वेगात, गाडी हळू होत असताना किंवा हँडल सोडल्यावर येते. तिसरं डुलणं, सेकंदाला दोन-तीन झोके, सगळी गाडी मासळीसारखी वळवळते. आमची गाठ या तिसऱ्याशी पडली होती. वेग वाढला की हे झोके शमायला वेळ लागतो, एका मर्यादेपलीकडे ते शमतच नाहीत. मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर वजन बांधलं की ती मर्यादा खाली येते, कारण पुढचं चाक हलकं होतं. त्यात ढिला कोनसेट, मऊ टायर, झिजलेले मागच्या चिमट्याचे बुश. शिवाय उंच हँडलमुळे चालवणारा शिडासारखा वारा छातीवर घेतो आणि तोल राखायला हँडलच ओढतो.

अशा वेळी हँडल हलक्या हाताने धरायचं, अंगाने पुढे झुकायचं, रेस सावकाश कमी करायची, जोराचा ब्रेक टाळायचा. सांगायला सोपं आहे. भीती वाटली की मूठ आवळते, तिला कोण समजावणार? त्यापेक्षा निघण्याआधीची पाच मिनिटं खरी. अब्बा पसरणी घाटात शिरण्याआधी वाईला शिडीवर चढून एसटीच्या टपावरचं सामान स्वतः हलवून बघायचे. प्रवासी कुरकुरायचे. मी त्यांचा मुलगा, आणि दोरी आवळून खूश झालो.

पुस्तकं खोक्यातून काढून सीटच्या दोन्ही बाजूंना, खाली, पिशव्यांत बांधली. मेस्त्रींनी कोनसेट आवळला, हवा भरली. पेठनाक्यावरून आष्टामार्गे सांगलीला पोचेपर्यंत भाच्याने साठच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. माझ्या आपाला, म्हणजे त्याच्या आईला, यातलं काही ठाऊक नाही. या वेळी ती स्वयंपाकात असते, रेडिओ लावत नाही, अशी आशा आहे.

संमेलनात चार प्रती खपल्या. उरलेल्या शहाण्णव प्रतींसह मी एसटीने साताऱ्याला परतलो, आणि भाचा मोकळ्या गाडीवर मागून आला.