इंजिनातलं तेल जातं कुठं?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैलगाडीचं चाक कुरकुरलं की आपण आसाला ओंगण घालतो. ते कुणी शिकवावं लागत नाही. इंजिन मात्र आधी कुरकुरेलच असं नाही.

माझंच सांगतो. मृगाच्या तोंडावर जीपमधून सरकीच्या बियाण्याच्या पिशव्या आणत होतो. तेलाचा तांबडा दिवा लागला. म्हटलं, दिवाच बिघडला असेल. चार-पाच किलोमीटर दामटली आणि इंजिन जाम. पेरणीचा पैसा क्रँक आणि बेरिंगात गेला.

मिस्त्रीनं इंजिन उघडलं, तेव्हा मी बसून सगळं बघितलं. तेल खाली चेंबरमध्ये असतं. इंजिन फिरलं की पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून मुख्य नळीत ढकलतो. तिथून क्रँकच्या बेरिंगांना, क्रँकच्याच पोटातल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडला, आणि वर व्हॉल्व्हपर्यंत. मग ठिबकत पुन्हा चेंबरात. जाता जाता उष्णता आणि काजळीही घेऊन येतं. म्हणून डिझेल इंजिनाचं तेल काळं दिसलं की ते वाया गेलं, असं नाही.

पण खरी गंमत बेरिंगात आहे. इंग्लंडमध्ये 1883 साली बीचम टॉवर नावाच्या इंजिनियरानं रेल्वेच्या आसाच्या बेरिंगाला वरून भोक पाडलं. आस फिरू लागला, तर त्यातून तेल वर आलं. त्यानं बूच मारलं, मग लाकडी खुंटी ठोकली. तेलानं दोन्ही बाहेर ढकलली! 1886 साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. फिरता दांडा तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तिथं दाब तयार होतो आणि दांडा तेलावर तरंगतो. लोखंड बेरिंगाला टेकतच नाही. हा थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. म्हणजे वजन पंप उचलत नाही, तो फक्त तेल पुरवतो. पुरवठा तुटला की थर गेला, आणि धातूवर धातू घासला.

आता थर एवढा पातळ, तर आपल्या वावरातली धूळ काय करेल बघा. एअर क्लीनर साफ नसेल तर ती तेलात उतरते. फिल्टर तुंबला तर बहुतेक इंजिनांत आडवाटेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेलच बेरिंगात जातं. फिल्टरचे पैसे वाचवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा.

तेलाची पट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळानं बघा. वरच्या खुणेपेक्षा जास्त ओतू नका; क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि पंप हवा ओढतो. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं समजा. सकाळी चालू केल्याबरोबर रेस करू नका, रात्रीतून तेल खाली उतरलेलं असतं.

आणि दिवा लागला तर इंजिन तिथंच बंद. बैलांनी ओढत नेली तरी चालेल. माझी जीप त्या दिवशी शेवटी बैलांनीच घरी आणली.