घड्याळ साडेपाच तास पुढे का जायचं?

आज आम्ही बोलणार आहोत एका घड्याळाबद्दल. हे भिंतीवरचं किंवा मनगटावरचं घड्याळ नव्हे, तर संगणकाच्या पोटात असतं ते. आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना त्याच्याशी काय देणंघेणं? आम्हीही तसंच म्हणत होतो. पण त्या घड्याळापायी आमच्या गटातल्या एका सुनेवर आळ आला, तिच्या घरात भांडण लागलं आणि आमचा गट मोडायची वेळ आली. म्हणून हे सगळं सांगायचं.

आमच्या गावात समाजमंदिराच्या खोलीत एक जुना संगणक आहे. पंचायतीपर्यंत येणारी नेटची लाइन त्याच्यात येते. छतावरच्या दोन पेट्यांमधून ते नेट पुढच्या दोन वस्त्यांना जातं. या मधल्या टप्प्याला रिले म्हणतात. विहिरीपासून घरापर्यंत बायका रांगेत उभ्या राहून हंडे हातोहात पुढे देतात ना, तसंच. आमच्या हंड्यात पाण्याऐवजी नेट असतं, एवढंच. हे काम आम्ही गटातल्या सात जणी बिनपगारी करतो. एका तासाचा पास पाच रुपयांचा. त्यातून इन्व्हर्टरचा आणि दुरुस्तीचा खर्च निघतो. पास दिला की संगणक आपणहून वेळ टाकून नोंद ठेवतो, आणि पास देणारी रोकड वहीत लिहिते.

संध्याकाळी चार ते आठ आमची ती सून बसायची. चावी तिच्याकडेच असे. श्रावणात सचिवताईंनी संगणकातली नोंद काढली, तर शनिवारी रात्री साडेअकराला पास दिलेला. दुसरा पावणेबाराला. एक तर रात्री एक वाजता! आणि रोकड वहीशी ताळा केला तर शनिवारी तिनं जास्त पैसे जमा केलेले, रविवारी कमी. बैठकीत कुजबुज सुरू झाली. शनिवारचे पैसे फिरवते आहे म्हणून एकीनं म्हटलं. दुसरीनं त्याहून वाईट म्हटलं, की रात्री एकला समाजमंदिरात ही कुणाबरोबर बसते? ते बोलणं दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाईंच्या कानावर गेलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः येऊन चावी आमच्या पुढ्यात टाकून गेल्या.

ती एवढंच म्हणाली, "मी आठला कुलूप लावते. शेजारच्या काकूंना विचारा." आम्ही काकूंना विचारलं नाही. छापलेला कागद हातात होता ना! माणसाचं तोंड खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल, असं आम्हाला वाटलं. आणि आम्ही शिकलेल्या बायका, आमच्यात एक बी.ए. झालेली. पण आठवड्याची एकत्र बेरीज करावी हेही कुणाला सुचलं नाही. शनिवारचं जास्त आणि रविवारचं कमी एकत्र केलं असतं तर पैसा न् पैसा जुळत होता.

मग गावातून तक्रारी येऊ लागल्या. एका पोरानं पाच रुपयांचा पास घेतला आणि तो सहा तास चालला. हे तो स्वतः कशाला सांगेल? त्याच्या बहिणीनं सांगितलं. नोंदीत तर पास द्यायच्या आधीच संपल्याचं दिसत होतं. तेव्हा कुठे डोक्यात आलं की चुकतंय ते पोरीचं नाही, घड्याळाचं आहे.

पहिला संशय सेलवर गेला. संगणकाच्या आत मोठ्या बटणाएवढा एक चपटा, गोल सेल असतो. त्याच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. लाइट गेली तरी आतलं घड्याळ त्याच्यावर चालू राहतं. हा सेल संपला की लाइट आणि इन्व्हर्टर दोन्ही गेल्यावर घड्याळ सगळं विसरतं, आणि संगणक चालू होताना तारीख-वेळ नीट करा अशी ओळ पडद्यावर दिसते. आमच्याकडे ती ओळ यायचीच, आम्ही बटण दाबून पुढे जायचो! आयटीआयला जाणाऱ्या एका मुलाला बोलावलं. त्यानं लाइट पूर्ण बंद करून झाकण उघडलं, सेल बदलला, त्याची चपटी बाजू वर कशी ठेवायची तेही दाखवलं. पडद्यावरची ओळ गेली. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो.

पुढच्या शनिवारी पुन्हा रात्री साडेअकराची नोंद. त्या दिवशी खोलीत बसलो होतो आम्हीच दोघी, आणि आठला घरी होतो.

मग आम्ही शंभर पानी वही आणली आणि संगणकाशेजारी दोरीनं बांधून ठेवली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी येईल तिनं तीन गोष्टी लिहायच्या: मोबाइलमधली वेळ, संगणकातली वेळ आणि मध्ये काय काय झालं. लाइट गेली का, संगणक बंद करून चालू केला का, कुणी काही नवीन केलं का. मैत्रिणींनो, यंत्राच्या दुरुस्तीत आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग या वहीचा झाला. तोवर जो तो आपला अंदाज सांगत होता. कुणी म्हणे व्हायरस, कुणी म्हणे वीज पडली तेव्हापासून. एक जण तर अँटिव्हायरस विकायलाच बसला होता.

तीन आठवड्यांनी वही पुढे घेऊन बसलो. सोमवार ते शुक्रवार वेळा जुळत होत्या. फरक फक्त शनिवारी संध्याकाळी सहानंतर, आणि दर वेळी सारखाच, साडेपाच तास. पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. बिघडलेलं घड्याळ इतकं नेमकं चुकत नाही. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो होतो, भारताची वेळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटं रेखावृत्तावरून धरतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. साडेब्याऐंशीला पंधरानं भागा, साडेपाच येतात. ग्रीनिचची वेळ आणि आपली वेळ यांच्यातला फरक तोच. म्हणजे कुठेतरी ग्रीनिचची वेळ आणि आपली वेळ यांची गल्लत होत होती.

शनिवारी काय व्हायचं? पाच ते सहा नेट बंद असायचं, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. कारण त्या तासात आमच्या हिशेबनीस ताई त्याच संगणकावर गटाचे हिशेब करायच्या. त्या संगणकात दोन व्यवस्था होत्या. रिले चालायचा लिनक्सवर, आणि हिशेब व्हायचे विंडोजवर. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज मात्र त्याच घड्याळात सरळ आपली वेळ आहे असं धरतं. त्यामुळे विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसायचं. हिशेबनीस ताई शिस्तीच्या. पावतीवर चुकीची वेळ नको म्हणून दर शनिवारी त्या हातानं वेळ बरोबर करायच्या. त्यांचं काम संपलं की लिनक्स सुरू व्हायचं, आणि ते आपल्या सवयीनं त्या बरोबर केलेल्या वेळेत आणखी साडेपाच तास मिळवायचं. सहाचे साडेअकरा! साडेसहानंतरचा पास तर सरळ रविवारच्या तारखेत.

मग हे आठनंतर आपोआप नीट कसं व्हायचं? नेट असलं की संगणक दुसऱ्या संगणकांना वेळ विचारून आपलं घड्याळ जुळवतो. अशी वेळ फुकट सांगणारे हजारो संगणक जगभर स्वयंसेवक चालवतात, २००३ पासून. आमच्यासारखेच बिनपगारी, हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे त्या दिवसांत संध्याकाळी गावठाणची लाइट जायची, पंचायतीतली पेटी बंद पडायची. आमचा संगणक मात्र इन्व्हर्टरवर चालू. लाइन येईल तेव्हा वापरू म्हणून लोक पास आधीच घेऊन ठेवत. आठच्या सुमारास लाइट आली की घड्याळ एकदम साडेपाच तास मागे यायचं. म्हणून कुणाचा पास सहा तास चालायचा.

उपाय सोपा निघाला. हिशेब आता लिनक्सवरच करतो, त्यातही तक्त्यांचा फुकट कार्यक्रम आहे. त्या संगणकावरून विंडोज काढून टाकलं. ज्यांना दोन्ही ठेवायचं आहे त्यांनी दोघांनाही आतल्या घड्याळात एकच वेळ धरायला लावावं, जाणकार माणूस ते पाच मिनिटांत करून देतो. लिनक्सला एका ओळीत विचारताही येतं, टाइमडेटसीटीएल अशी ती आज्ञा आहे. चालू वेळ, आतल्या घड्याळातली वेळ आणि नेटवरून वेळ जुळली की नाही, ही तिन्ही उत्तरं ती एकदम देते. सुरुवातीलाच विचारलं असतं तर श्रावणातलं पुढचं रामायण टळलं असतं.

तुमच्या गावात असा रिले असेल आणि घड्याळ उड्या मारत असेल, तर आधी उडी किती मोठी ते मोजा. रोज एक-दोन सेकंदांचा फरक पडत असेल तर काळजी नको, आतलं क्वार्ट्झ उष्णतेनं थोडं इकडेतिकडे होतंच. लाइट पूर्ण गेल्यावरच चुकत असेल तर सेल बघा. लॅपटॉपवर रिले चालवत असाल आणि कुणी झाकण लावलं, तर तो झोपतो, आणि जितका वेळ झोपला तितकी उडी नोंदीत दिसते. वेळ सारखी पुढेमागे होत असेल तर दोन कार्यक्रम एकाच घड्याळाचे काटे ओढत असतील, त्यातला एक बंद करा. नेमका साडेपाच तासांचा फरक असेल तर आमची गोष्ट आठवा.

आता राहिली ती सून. भाद्रपदातल्या बैठकीत आम्ही वही सगळ्यांसमोर वाचली. आठवड्याच्या बेरजा फळ्यावर मांडल्या. ज्यांनी बोललं त्यांनी नावानिशी चूक कबूल केली आणि ते इतिवृत्तात लिहून घेतलं. हिशेबनीस ताई रडल्या. त्यांची तर काहीच चूक नव्हती. मग आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. सासूबाईंनी चहा दिला, पण बोलल्या नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागदावर आलं म्हणून तुम्ही मानलंत. आता वहीत आलं म्हणून मानताय. मी सांगितलं तेव्हा का नाही मानलंत?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दिवाळीनंतर ती परत यायला लागली, पण एक अट घालून. चावी दोघींकडे राहील, आणि कुणाबद्दलही काही शंका असेल तर बैठकीच्या आधी तिला स्वतःला विचारायचं. अट ठरावात घेतली आहे. वही अजून दोरीला बांधलेली आहे, आता ती निम्म्याहून जास्त भरली.