दार धरणारा हात



जोगेश्वरी पूर्वेच्या वस्त्यांत आम्ही शाळकरी मुलामुलींकडून छोट्या फिल्म करून घेतो, त्याबद्दल मला बोलायला सांगितलं आहे. विषय एकच: 'आपला परिसर'. मुलं मराठी, हिंदी आणि उर्दू शाळांतली. त्यांनी एकत्र बसणं इथे सोपं नाही. जानेवारी १९९३च्या दंगलीत राधाबाई चाळीत माणसं जळाली, आणि त्या दिवसांनंतर कितीतरी कुटुंबं आपापल्या धर्माच्या गल्लीत राहायला गेली. ही मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण कुठल्या गल्लीत जायचं नाही हे त्यांना पाठ आहे.

मुलग्यांनी टिपली सहाव्या शतकातली लेणी, त्यांच्या माथ्यावरची घरं, आत झिरपणारं पाणी. आरेतून मालाड खाडीकडे जाणाऱ्या ओशिवरा नदीतलं प्लास्टिक. चांगलंच काम होतं. मुलींच्या फिल्ममध्ये नदी नव्हतीच. होती हंड्यांची रांग आणि सार्वजनिक संडासाचं कडी तुटलेलं दार. पाठ्यपुस्तकातला परिसर झाडांपाशी सुरू होतो, मुलींचा या दारापाशी.

कॅमेरा शिकल्यासवरल्यांचं काम, ही समजूत अहमदाबादच्या 'सेवा'मधल्या अक्षरओळख नसलेल्या बायकांनी १९८४ सालापासूनच खोटी पाडली आहे. तरी मी थक्क झाले. त्या मुलीने दारावर कॅमेरा रोखला आणि चार मिनिटं हलवलाच नाही. आत मराठी शाळेतली मुलगी, बाहेरून दार धरून उर्दू शाळेतली. मग दोघींनी जागा बदलल्या. एकीचं शिबिर एवढ्यात झालं!

दाखवायची वेळ आली तेव्हा एका घरातून निरोप आला: पोरीचं तोंड पडद्यावर दिसता कामा नये. आपल्यातल्या काहीजणी म्हणाल्या, बापाशी भांडू या. मुलींनी वेगळं ठरवलं. चेहरे काढून टाकले, दार धरणारा हात तेवढा ठेवला. मला ही तडजोड आवडलेली नाही. पण शाळा सुटली असती ती तिची, माझी नव्हे.

फिल्म दोन्हीकडच्या गल्ल्यांत दाखवली. बायका आधी हसल्या, मग कडीवरच बोलत राहिल्या. एकीने विचारलं, रात्री दार कोण धरणार? त्याच रात्री अर्ज लिहिला. सह्या-अंगठे दोन्ही गल्ल्यांतले. कचेरीत तीन खेपा झाल्या, कडी बसलेली नाही. सोमवारी चौथ्यांदा जाणार आहोत, या वेळी मुलींना आणि फिल्मला घेऊन. यायचं असेल त्यांनी आत्ताच नाव द्या.